डोमेनचा सातबारा कुणाच्या नावावर?



आज राजकारण नाही, रस्त्याचे खड्डे नाहीत. आज एका वेगळ्याच जमिनीबद्दल लिहितोय. ही जमीन दिसत नाही, मोजता येत नाही, पण तिचीही नोंद होते, तिचीही खरेदी-विक्री होते आणि तिच्यावरही कब्जा होतो. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आपलं जुनं बातम्यांचं पोर्टल आठवत असेल. बाजारभाव, गाडीच्या वेळा, दहावीचे निकाल, ग्रामसभेच्या बातम्या, सगळं त्यावर असायचं. आठ वर्षं चालवलं. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी उघडलं तर बातम्या गायब आणि भलत्याच जाहिराती. आधी वाटलं हॅक झालं. मग कळलं, डॉट कॉमचं नाव रिन्यू करायचं राहून गेलं होतं. ज्या पोराने साईट बनवून दिली तो सुरतेला निघून गेला, आठवणीचे मेल त्याच्या जुन्या पत्त्यावर पडत राहिले. मुदत संपली, नाव सुटलं आणि कुणीतरी उचललं. पंधरा दिवसांनी मेल आला: नाव परत हवं असेल तर ५५० डॉलर. म्हणजे आपले शेहेचाळीस हजारांच्या आसपास. मी वर्षाला हजार-बाराशे भरत होतो.

चहाच्या टपरीवर सगळ्यांचं एकच म्हणणं, "भाऊ, ही तर चोरी झाली. पोलिसात द्या." मलाही तसंच वाटलं होतं. पण पत्रकारितेच्या डिप्लोमाला सरांनी एक गोष्ट पक्की शिकवली होती, ओरडायच्या आधी नियम वाचायचा. म्हणून वाचत बसलो. नियम वाचता वाचता त्यामागचा इतिहास हाती लागला आणि तो जास्त रंजक निघाला. प्रश्न साधा आहे: डोमेनचं नाव स्वस्तात घ्यायचं आणि महाग विकायचं, हे रजिस्ट्रीच्या नियमांत बसतं का?

आधी दोन शब्द समजून घेऊ. रजिस्ट्री म्हणजे तलाठ्याचं दप्तर. डॉट इनच्या सगळ्या नावांची नोंद एका ठिकाणी असते, ते दप्तर निक्सी ही संस्था सांभाळते, पूर्ण नाव नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया. डॉट कॉमचं दप्तर अमेरिकेतली व्हेरिसाइन कंपनी सांभाळते. आणि रजिस्ट्रार म्हणजे सेतू केंद्र. आपण पैसे तिथे भरतो, तो आपली नोंद दप्तरात करून देतो. आणखी एक गोष्ट, जी मलाही आठ वर्षं नीट कळली नव्हती: डोमेन आपल्या मालकीचं होत नाही. एक ते दहा वर्षांच्या मुदतीवर ते आपल्याला वापरायला मिळतं. सातबारा नाही, भाडेपट्टा आहे. पट्टा संपला की हक्क संपला.

आता इतिहास.

नावांची ही व्यवस्था १९८३ मध्ये अमेरिकेत पॉल मोकापेट्रिस या संशोधकाने मांडली. यंत्रं एकमेकांना आकड्यांनी गाठतात. लोकांना आकडे लक्षात राहत नाहीत, नावं राहतात. १५ मार्च १९८५ ला पहिलं डॉट कॉम नोंदलं गेलं, सिम्बॉलिक्स डॉट कॉम. तेव्हा नाव फुकट मिळायचं. मागा आणि घ्या. १९९५ च्या सप्टेंबरपासून फी लागली, दोन वर्षांचे १०० डॉलर. पण तोवर चाणाक्ष लोकांच्या लक्षात आलं होतं की मोठ्या कंपन्या झोपल्या आहेत. एकाने कॅमेरे बनवणाऱ्या पॅनाव्हिजन कंपनीचं नाव आधीच नोंदवलं आणि १३ हजार डॉलर मागितले. कंपनी कोर्टात गेली आणि १९९८ मध्ये अपिलातही जिंकली. दुसरीकडे बिझनेस डॉट कॉम हे नाव १९९७ मध्ये दीड लाख डॉलरला विकलं गेलं आणि १९९९ मध्ये तेच नाव ७५ लाख डॉलरला. त्यावर कुणी ब्र काढला नाही.

इथेच सगळ्या प्रश्नाची गाठ आहे. दोन्हीकडे नाव घेतलं आणि जादा पैसे मागितले. एक बेकायदा ठरलं, दुसरं व्यापार ठरलं. का? कारण 'बिझनेस' हा सगळ्यांचा शब्द आहे. 'पॅनाव्हिजन' हे एकाने कष्टाने कमावलेलं नाव आहे.

आता आपल्याकडे या. डॉट इन हा आपल्या देशाचा प्रत्यय १९८९ मध्ये मिळाला आणि तो सांभाळायला दिला मुंबईच्या जुहूमधल्या एनसीएसटी या सरकारी संशोधन संस्थेला. म्हणजे भारताच्या इंटरनेट नावांचं पहिलं दप्तर महाराष्ट्रातच होतं. त्यांचे नियम कडक. १९९२ ते २००४ या बारा वर्षांत सगळ्या देशात मिळून जेमतेम ७ हजार नावं नोंदली गेली. साठेबाजीला वाव नव्हता, पण वाढही नव्हती. लोक वैतागून डॉट कॉम घ्यायचे.

आणि डॉट कॉमच्या बाजारात तेव्हा काहीही चालायचं. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात खटला आला. मुंबईची रेडिफ कंपनी तेव्हा नावारूपाला येत होती, मेलसाठी अनेक जण तीच वापरायचे. कुणीतरी 'रॅडिफ डॉट कॉम' काढलं. एका अक्षराचा फरक. न्यायालयाने मनाई केली आणि सांगितलं की डोमेन नाव म्हणजे नुसता इंटरनेटवरचा पत्ता नव्हे, त्याला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळायला हवं. त्या वेळी देशात कितीशा लोकांनी इंटरनेट पाहिलं होतं? तरी मुंबईच्या कोर्टाला मुद्दा बरोबर दिसला.

त्याच वर्षी जगाच्या पातळीवर नियम आला. नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅन या संस्थेने ऑगस्ट १९९९ मध्ये तंटे सोडवायचं एक धोरण मंजूर केलं, त्याला यूडीआरपी म्हणतात. कोर्टात न जाता लवादाकडे तक्रार करायची. पहिलाच निकाल १४ जानेवारी २००० ला लागला. कॅलिफोर्नियातल्या एकाने वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनचं नाव घेतलं, म्हणजे आपण लहानपणी टीव्हीवर बघायचो ती कुस्ती. घेतल्यावर कंपनीलाच १ हजार डॉलरला देऊ केलं. वर सल्लाही दिला की खटला लढायला याहून कितीतरी जास्त खर्च येतो. लवादाने नाव कंपनीला दिलं. पण त्या माणसाचा तो सल्ला लक्षात ठेवा, मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

त्यानंतर दोनच महिन्यांत, मार्च २००० मध्ये, मुंबईच्या टाइम्स समूहाची तक्रार निकाली निघाली. 'द टाइम्स ऑफ इंडिया' आणि 'द इकॉनॉमिक टाइम्स' या नावांची डॉट कॉम्स अमेरिकेत कुणीतरी घेतली होती आणि येणाऱ्या वाचकाला भलत्याच बातम्यांच्या साईटवर वळवलं जात होतं. नावं टाइम्सला परत मिळाली. वर्तमानपत्राच्या नावाचा असा वापर होतो हे पंचवीसहून जास्त वर्षांपूर्वी घडलेलं. मी मात्र तेव्हा वाचूनसुद्धा काही शिकलो नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २००४ ला सत्यम इन्फोवे खटल्यात हा विषय पक्का केला. सत्यमचं 'सिफी' आणि दुसऱ्या कंपनीचं 'सिफीनेट'. कोर्ट म्हणालं, भारतात डोमेनसाठी वेगळा कायदा नाही हे खरं, पण दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवण्याविरुद्ध जो जुना नियम आहे, तो इथेही लागू. यातली महत्त्वाची गोष्ट ही की, या नियमासाठी ट्रेडमार्क नोंदलेलाच हवा असं नाही. त्या नावाला लोकांत ओळख आहे, एवढं दाखवता यायला हवं.

मग डॉट इनची दारं उघडली. २००५ च्या जानेवारीत निक्सीकडे कारभार आला. १ ते २१ जानेवारी हा काळ आधी ट्रेडमार्कवाल्यांसाठी राखून ठेवला आणि १६ फेब्रुवारीपासून सगळ्यांसाठी खुलं. पहिला येईल त्याला. बारा वर्षांत ७ हजार नावं होती, ती मार्च २०१० पर्यंत ६ लाखांच्या पुढे गेली. दारं उघडली की धंदेवाले येणारच, म्हणून त्याच वर्षी निक्सीने स्वतःचं तंटा धोरण आणलं, आयएनडीआरपी.

आता मूळ प्रश्नाचं उत्तर. डॉट इनच्या नियमांत असो की डॉट कॉमच्या, 'नफ्यासाठी नाव विकू नये' असं कुठेही लिहिलेलं नाही. नाव एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतं, किंमत दोघांनी ठरवायची. उलट रजिस्ट्रार मंडळी स्वतःच मुदत संपलेली नावं लिलावात काढतात. नियम विक्रीला हात लावत नाही, तो हेतू बघतो. तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. एक, ते नाव माझ्या नावासारखं किंवा ट्रेडमार्कसारखं आहे. दोन, समोरच्याचा त्या नावाशी काही प्रामाणिक संबंध नाही. तीन, त्याने वाईट हेतूने घेतलं आहे. आणि वाईट हेतूचं पहिलंच उदाहरण नियमात दिलंय: नाव घेण्याचा मुख्य उद्देशच ते खऱ्या नावधारकाला किंवा त्याच्या स्पर्धकाला, घ्यायला आलेल्या खर्चापेक्षा जास्त पैशांत विकण्याचा असेल, तर तो वाईट हेतू.

म्हणजे 'मिरची' किंवा 'आमचूर' असं नाव घेऊन कुणी दहा वर्षं बसला आणि लाखात विकलं, तर नियम काही म्हणणार नाही. ते सगळ्यांचे शब्द आहेत. पण नंदुरबारच्या एखाद्या नावाजलेल्या मिरची व्यापाऱ्याच्या दुकानाचं नाव घेऊन त्यालाच फोन केला, तर तो अडकतो.

इतका साधा फरक, मग नोंदणीच्या वेळीच का तपासत नाहीत? याचं उत्तर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात हिंदुस्तान युनिलिव्हरच्या खटल्यात मिळतं. कंपनीच्या नावासारख्या खोट्या साईट काढून लोकांना फसवलं जात होतं. कंपनीची मागणी होती की अशी नावं कायमची बंद करा. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी नीट समजावलं की नोंदणी यंत्र करतं, माणूस करत नाही. एखादं नाव स्थगित करता येतं, पण ते पुन्हा कधीच कुणी घेऊ नये असा कायमचा पहारा रजिस्ट्रारला ठेवता येणार नाही. नाव मोकळं आहे की नाही, एवढंच यंत्राला कळतं. ते कुणाच्या घामाचं आहे हे त्याला कळत नाही.

इथे मला आपल्या भागाची आठवण होते. आपल्या नवापूर तालुक्यातल्या माणसाला 'विकायला बंदी नाही' या वाक्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. जमीन विकायला बंदी नव्हती, तेव्हाच ती सावकाराच्या घशात गेली. कागदावर अंगठा होता, व्यवहार कायदेशीर होता. शहाद्याला १९७२ च्या सुमारास अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेच्या कार्यकर्त्यांनी जो लढा उभा केला, तो याच 'कायदेशीर' व्यवहारांविरुद्ध होता. मग १९७४ मध्ये आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा आला. जमीन महसूल संहितेच्या ३६ अ कलमाने आज आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीला घेता येत नाही. कायद्याला उशिरा का होईना कळलं की दोन बाजू सारख्या नसतील, तर नुसतं 'दोघांनी ठरवलं' म्हणून चालत नाही.

जमीन आणि डोमेन एक नाही, हे मलाही कळतं. जमीन गेली की पोट जातं, डोमेन गेलं तर दुसरं घेता येतं. पण ताकदीचा हिशोब तोच आहे. बघा ना. ज्येष्ठ वकील आणि नेते अरुण जेटली यांना स्वतःच्या नावाचं डॉट कॉम हवं होतं. ते दुसऱ्याच कंपनीकडे गेलेलं, आणि मागणी झाली साडेचौदा हजार डॉलरच्या आसपास. ते दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि जुलै २०११ मध्ये कोर्टाने त्यांच्या बाजूने मनाई दिली. २०२४ मध्ये दिल्लीच्या एका तरुणाने दोन कंपन्या एकत्र येणार हे ओळखून 'जिओहॉटस्टार डॉट कॉम' आधीच घेऊन ठेवलं होतं आणि शिक्षणासाठी कोटभर रुपयांची मागणी केली. कंपनीने पैसे तर दिले नाहीतच, कायदेशीर कारवाईची तयारी दाखवली. सोशल मीडियावर आपण सगळे तेव्हा त्या पोराच्या बाजूने होतो, खरं की नाही? मीही होतो. पण नियमाच्या तराजूत त्याची बाजू कमकुवत होती, कारण दोन्ही नावं दुसऱ्यांची होती.

मोठ्यांना नियम असा धावून येतो. आता माझा हिशोब ऐका. माझं नाव डॉट कॉम, म्हणून तक्रार यूडीआरपीखाली. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका लवादाची फी १,५०० डॉलर, म्हणजे सव्वा लाखाच्या पुढे. वकील वेगळा. तो माझ्याकडे मागतोय ५५०. लक्षात आलं? भाव त्याने माझ्या नावाचा लावलेला नाही, माझ्या नाइलाजाचा लावलाय. तक्रारीला जेवढे लागतील त्याच्या निम्म्यापेक्षा कमी मागायचे. कुस्तीवाल्या डोमेनचा माणूस १९९९ मध्ये जे सांगत होता, तेच इतक्या वर्षांनी माझ्या मेलमध्ये आलं. तो मोठ्या कंपनीशी खेळला म्हणून हरला. छोट्यांशी खेळणारे हरत नाहीत, कारण छोटा तक्रारच करत नाही.

आणि तक्रार केली असती तरी? माझ्याकडे ट्रेडमार्क नव्हता. लोकांत ओळख आहे हे दाखवायला आठ वर्षांच्या बातम्या होत्या, पण त्या त्याच साईटवर होत्या. शिवाय मुदत मीच संपू दिली. चोरी म्हणता येत नाही, मित्रांनो. दार मी उघडं ठेवलं आणि तो आत येऊन बसला.

आपलं नवापूर स्टेशन सगळ्यांना माहीत आहे. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. एकाच फलाटावर दोन पावलं सरकलात की राज्य बदलतं. डोमेनचं तसंच आहे. शेवटची अक्षरं बदलली की दप्तर बदलतं, तक्रारीची जागा बदलते. डॉट इन असेल तर निक्सीकडे तक्रार, लवाद भारतातला आणि साधारण ६० दिवसांत निकाल द्यायची अट. डॉट इनच्या धोरणात ट्रेडमार्कसोबत नुसतं 'नाव' असाही शब्द आहे, छोट्यांना त्याचा थोडा आधार मिळू शकतो. २०१४ पासून तर देवनागरीत 'डॉट भारत' नावही मिळतं, मराठीतसुद्धा. आपल्यापैकी किती जणांनी घेतलं?

सरकारलाही मधल्या काळात एक गोष्ट उमगलेली दिसते. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना सांगितलं की ३१ ऑक्टोबरपर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर या. हे नाव बाजारात कुणालाही मिळत नाही, आयडीआरबीटी ही एकच संस्था खातरजमा करून देते. म्हणजे जुहूच्या एनसीएसटीचा कडकपणा वीस वर्षांनी परत आला, निदान बँकांसाठी. जिथे लोकांचा पैसा बुडू शकतो तिथे नाव मोकळ्या बाजारात सोडायचं नाही, असं ठरलं. माझा प्रश्न एवढाच आहे: ग्रामपंचायतीचं नाव, बचत गटाचं नाव, शेतकरी कंपनीचं नाव, यांच्यासाठी असा विचार का नको?

हे हवेतलं बोलत नाही. आपल्या नवापूरच्या तूरडाळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते मिळवायला बचत गटाच्या शेतकऱ्यांनी कागदपत्रं जमवली, खेटे घातले. आता या नावाची साईट उद्या मुंबई-दिल्लीतला कुणी काढून बसला तर? डॉट कॉमचं धोरण ट्रेडमार्क बघतं, मानांकन हे तिथे आपोआप ट्रेडमार्क धरलं जात नाही. म्हणजे शेतात पिकवणारे आपण आणि नावाच्या दारात बसून पैसे घेणारा दुसराच.

मी पैसे दिले नाहीत. द्यायचे मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण दिले असते तर त्याने उद्या दुसऱ्या एखाद्या तालुक्याच्या पोर्टलला तोच मेल टाकला असता. नवं नाव घेतलं, यावेळी डॉट इन, पाच वर्षांसाठी एकदम, आणि नोंद स्वतःच्या नावावर, स्वतःच्या मोबाईलवर. जुन्या बातम्यांपैकी जवळपास निम्म्या गेल्या. पुराचे फोटो गेले. त्याचं वाईट ५५० डॉलरपेक्षा जास्त वाटतं.

तर मंडळी, निक्सीने काय करावं हे मी सांगून होणार नाही. पण आज रात्री तुम्ही एवढं करा. तुमच्या संस्थेची, शाळेची, दुकानाची, बचत गटाची वेबसाईट असेल तर दोन गोष्टी बघा. नोंदणी कुणाच्या नावावर आहे, साईट बनवणाऱ्या पोराच्या की संस्थेच्या? आणि मुदत कधी संपते? डॉट कॉमची मुदत संपल्यावरही काही दिवस नाव परत मिळवता येतं, पण जसजसा उशीर तसतशी फी वाढते आणि शेवटी नाव सुटतंच. सातबारा जसा दरवर्षी काढून बघता, तसंच हेही बघा.

विकायला बंदी नाही आणि ती येईल असंही वाटत नाही. राखायला मात्र कुणी अडवलेलं नाही.

कुणाच्या साईटची नोंद बघायची कशी हे कळत नसेल तर खाली लिहा, नाहीतर संध्याकाळी स्टेशनजवळच्या टपरीवर या. मोबाईलवर दोन मिनिटांत बघून देतो. चहा तुमचा.